थांब्याला लागलेली बस

गेल्या पावसाळ्यात आईला डोळे तपासायला परळला नेले होते. परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील थांब्यावर आम्ही शीवकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसची वाट पाहत होतो. आईचे वय ७८, गुडघे दुखरे, हातात काठी. थांब्यासमोरच एक टेम्पो उभा होता आणि फुटपाथच्या कडेला घोटाभर पाणी साचले होते. बस रस्त्याच्या मधोमध उभी करून चालकाला मोकळे होता आले असते. धावत जाऊन पाण्यातून चढायची सवय आम्हा मुंबईकरांना आहेच. त्याने मात्र टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, टेम्पो सरकेपर्यंत मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून घेतले आणि मग बस अशी आत घेतली की पुढचे दार फुटपाथपासून वीतभर अंतरावर येऊन लागले. आईने काठी टेकली आणि पाण्यात पाय न घालता थेट पायरीवर पाऊल ठेवले. वाहकाने दोनदा घंटी दिली, तरी बस हलली नाही. आई नीट बसल्याचे आरशात पाहिल्यावरच त्याने ती काढली.

हे कौशल्य आपल्या लक्षातही येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रवासी उतरत असतानाच बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून एखादा दुचाकीस्वार डावीकडून घुसतो. त्याच्यावर नजर ठेवायची, समोर अचानक थांबलेली रिक्षा सांभाळायची, खोदून ठेवलेल्या रस्त्यातून एवढे मोठे धूड वळवायचे आणि उभ्या प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून ब्रेकही जपून दाबायचा, हे सारे एकाच वेळी आणि पाळी संपेपर्यंत चालते. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी शहरातील पहिली मोटारबस धावली. तेव्हाच्या रस्त्यावर असली कसरत बहुधा करावी लागत नसावी.

त्यातच आपला राग. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला बसचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आला. त्याच वर्षी ९ मेपासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. भाडेवाढीला माझी हरकत नाही, पण पैसे वाढले तशा बसही वाढायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पाऊण तास ताटकळलेला प्रवासी मात्र जी बस आली तिच्याच चालकावर ओरडतो. जी आलीच नाही तिचा जाब तो ज्यांना विचारू शकेल, ते थांब्यावर कधी भेटत नाहीत. भाडेतत्त्वावरील बसचे अनेक चालक कंत्राटदाराच्या नोकरीत असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी पगारवाढीसाठी काम बंद ठेवले, तेव्हा प्रवाशांचे हाल झाले हे खरे, पण हे काम किती पगारात करून घेतले जाते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला?

२०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद असताना परिचारिका आणि सफाई कामगार याच बसमधून कामावर पोहोचत होते. बेस्टच्या काही कर्मचाऱ्यांचा त्या साथीत मृत्यूही झाला. आम्ही त्या वेळी खिडकीतून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यात या माणसांची आठवण मला झाली नव्हती.

परळच्या त्या दिवसानंतर मी कार्यालयात बसनेच जातो. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक बसथांबा आहे आणि जागा कमी पडते म्हणून सभासदांच्या मोटारी रात्रंदिवस त्याच्यासमोर उभ्या असत. मासिक सभेत मी तो विषय मांडला. थोडी वादावादी झाली, पण दोन मोटारी हलल्या. तिसरी अजून तिथेच आहे; तिच्या मालकांशी मी येत्या रविवारी पुन्हा बोलणार आहे.