सामायिक म्हणजे बेवारशी नव्हे

‘जे सगळ्यांचं, ते कोणाचंच नसतं. म्हणूनच गायरान, पाणी, जंगल यांची वाट लागते. वाटून टाका, नाहीतर सरकारजमा करा.’ असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. वाचताक्षणी पटतो, हीच त्याची गंमत. त्यातला एकेक दावा घेऊ.

‘हे शास्त्रानं सिद्ध झालंय.’ हा रोख गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाच्या १९६८ च्या लेखाकडे. त्यातलं कुरण कल्पनेतलं होतं. प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं. त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. असं गाव कुणी पाहिलंय? ‘व्यवस्था नसलेलं’ हे विशेषण लावायचं राहून गेलं, ही त्या लेखातली मोठी चूक होती, असं खुद्द हार्डिननीच १९९८ मध्ये कबूल केलं. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. खरोखरची सामायिक कुरणं कशी टिकली, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मांडलं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी. त्यांच्या उदाहरणांतल्या एका स्विस गावाचा १५१७ चा नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर चरायला सोडा.

‘गायरानांची अवस्था बघा.’ बघू. सातबाऱ्यावर गायरान सरकारचं असतं. चराईसाठी जमीन नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, गावानं ती फक्त वापरायची. म्हणजे मजकुरात सुचवलेला ‘सरकारजमा’ हा उपाय इथे आधीच झालेला आहे की! आणि एक अवघड गोष्ट मान्य करायला हवी: ‘गावाचं’ म्हणताना त्या गावात दलित भूमिहीन किती धरले जात होते? आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांना १९५९ आणि १९६४ मध्ये जमिनीसाठी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे करावे लागले, ते उगाच नव्हे. गायरानावरचं प्रत्येक अतिक्रमण एकाच मापानं मोजता येत नाही.

‘मालकी आली की काळजी येते.’ मग बोअरवेलचं काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे धरून चाललेलं आहे की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. मालक पक्का, काळजी शून्य. शेजाऱ्यानं तीनशे फूट नेलं की आपण पाचशे. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, तेव्हा तिथे पाणी टिकलं. मालकी तीच राहिली, तिला गावाचा नियम लागला.

धुळे-नाशिककडची फड पद्धत तर याहून कितीतरी जुनी. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर अख्खा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा एकट्यादुकट्याच्या माथी येत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाटाच्या दुरुस्तीला सगळे. जमीन ज्याची त्याची, पाणी सगळ्यांचं. हे बसवायला मजकुरातल्या ‘खासगी’ आणि ‘सरकारी’ या दोन कप्प्यांपैकी एकही कप्पा पुरत नाही. वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या, तेव्हा ही घडी विस्कटली.

‘आदिवासींच्या हाती जंगल दिलं तर ते तोडून विकतील.’ गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, म्हणत होता आणि वनखातं त्याला झाडच समजत होतं. त्यामुळे हक्क असूनही बांबू बाहेर नेता येईना. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. तेव्हापासून परवाना ग्रामसभा देते. मग ‘वाटून टाका’ या सल्ल्याच्या बरोबर उलट दिशेनं जात त्याच गावानं २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याचा आधार घेतला आणि स्वतःच्या खासगी शेतजमिनीही ग्रामसभेकडे सोपवायचं ठरवलं.