हाताळताना जे वाटतं ते

परवा वाढदिवसाला भाचीने एक वही दिली. वर ठसठशीत छापलंय ‘मंडला आर्ट थेरपी’, आत काळ्या रेघांची शंभर गोल चित्रं, सोबत स्केचपेनचा डबा. “मावशी, रोज एक पान रंगव, डोकं शांत होतं.” रंगवली दोन-तीन. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण मटार सोलतानाही मला तेवढंच बरं वाटतं, वर उसळ होते ती वेगळी.

वहीवर राग नाही, त्या ‘थेरपी’वर आहे. कारण मनोरुग्णालय, रंग आणि मंडल या तिन्हींची खरी गाठ जिथे पडली, त्या ब्राझीलमधल्या खोलीत कुणी कुणाला रेघा छापून दिल्या नव्हत्या.

नीझी दा सिल्वेरा या डॉक्टरीणबाई. जन्म १९०५चा. मार्क्सवादी पुस्तकं बाळगली म्हणून १९३६ साली तुरुंगात गेल्या, सुटल्यावरही कित्येक वर्षं सरकारी नोकरी नाही. १९४४मध्ये परत रुजू झाल्या त्या रिओ दि जानेरोच्या एंजेन्यो दि देंत्रो भागातल्या मोठ्या मनोरुग्णालयात. तोवर तिथे नवं तंत्र आलेलं होतं, विजेचे झटके. एका सहकारी डॉक्टरने त्यांच्यासमोर एका रुग्णाला झटका देऊन दाखवला, दुसऱ्याला आणून झोपवलं आणि म्हणाला, आता तुम्ही बटण दाबा. बाई म्हणाल्या, नाही दाबणार.

मग बाईंना करण्यासारखं उरलं काय? ऑक्युपेशनल थेरपी. नाव भारदस्त, प्रत्यक्षात रुग्णांकडून झाडलोट करून घ्यायची. डॉक्टर लोक तिकडे फिरकतही नसत. बाईंनी तोच विभाग हाती घेतला.

इथे मला आमचा बापूकाका आठवतो. तोही अशाच एका दवाखान्यात होता (कुठल्या ते राहू दे), आणि तिथेही ऑक्युपेशनल थेरपी होती. म्हणजे खळ लावून औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं चिकटवायची. काका मूळचा मालवणचा. पाकिटाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीने एवढीशी होडी काढायचा. वॉर्डबॉय ती पाकिटं बाजूला काढून ‘खराब माल’ म्हणून ठेवायचा.

बाईंनी १९४६च्या सप्टेंबरमध्ये चित्रांची खोली उघडली. आल्मिर माविन्येर नावाचा तरुण चित्रकार तिथेच नोकरीला होता, तो ती सांभाळायचा. समोर कागद, रंग, ब्रश. विषय द्यायचा नाही, शिकवायचं नाही, ‘इथे जरा निळा लाव’ तर मुळीच म्हणायचं नाही. शेजारी मात्र माणूस हवा. ज्याला घाई नाही आणि रुग्णाची भीतीही नाही असा. त्याच्या मायेशिवाय आतलं काही हलत नाही, असं बाईंचं ठाम मत. त्यासाठी त्यांनी शब्द उचलला तो रसायनशास्त्रातला, उत्प्रेरक. रुग्णाला त्या ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ म्हणत. आज तो शब्द वकील आणि जाहिरातवाल्यांनी पार गुळगुळीत करून टाकलाय, पण तेव्हा त्यात मान होता.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक कागदावर तारीख घालायची आणि ज्याचा कागद त्याच्या गठ्ठ्यात क्रमाने ठेवायचा. एकटं चित्र उचलून ‘हा काळा रंग म्हणजे नैराश्य हं’ असलं ज्योतिष बाई सांगत नसत. सलग शे-दोनशे चित्रं ओळीने बघितली की माणसाच्या आत काय चाललंय याचा माग लागतो, असं त्या म्हणत.

फर्नांदो दिनिझचंच बघा. त्याची आई श्रीमंतांच्या घरी शिवणकाम करायची. पोरगं सोबत जायचं, ती घरं आतून बघायचं. दवाखान्यात त्याने रंगवायला घेतलं तेव्हा कागदावर सगळी गिचमिड, वस्तूवर वस्तू चढलेली. मग हळूहळू एकेक वस्तू सुटी व्हायला लागली. पुढे जमीन आली, आणि जमीन आल्यावर वस्तूंना टेकायला जागा झाली. शेवटी पियानोसकट अख्खी खोली उभी राहिली. स्वतःचं कधी न झालेलं घर त्या माणसाने फरशीपासून बांधत आणलं.

कितीतरी जण आपणहून गोलाकृती काढायचे. मन दुभंगलेलं, मग चित्र मध्याकडे गोळा कसं होतंय? बाईंनी १९५४ साली त्या चित्रांचे फोटो थेट स्वित्झर्लंडच्या नामवंत मानसोपचारतज्ज्ञाला, कार्ल युंगला पाठवले. त्याचं उत्तर आलं, ही मंडलंच आहेत. १९५७मध्ये झुरिकच्या मानसोपचार परिषदेत या चित्रांचं प्रदर्शन भरलं, उद्घाटन युंगने केलं. मंडल हा शब्द आपला, युंगकडे गेला, तिथून रिओला पोचला आणि आता ‘मंडला’ होऊन, एमआरपीसकट, कुरिअरने परत आलाय. आजी दारात रोज काढायची, रांगोळी म्हणून.

हे सगळं वाचून कुणी ‘कला सगळं बरं करते’ असं लिहिणार असेल तर थांबा. लुसिओ नावाचा एक जण होता, शिल्पं घडवायचा, ताकदीची. बाईंचा विरोध असताना त्याची लोबॉटमी झाली, म्हणजे मेंदूतले दुवेच कापून टाकणारी शस्त्रक्रिया. नंतर त्याच हातांनी केलेले मातीचे आकार बघवत नाहीत. डोक्याला कुणी हात लावायचा हे ठरवणारा अधिकार चित्रांच्या खोलीकडे नव्हता, आणि म्हणूनच बाई आयुष्यभर भांडत राहिल्या. १९५२ साली त्यांनी दवाखान्याच्या आवारातच संग्रहालय काढलं, ‘अबोध मनातल्या प्रतिमांचं’. साडेतीन लाखांवर कामं आहेत तिथे. १९५६मध्ये दवाखान्याबाहेर एक घर सुरू केलं. दिवसा यायचं, काम करायचं, दारं उघडी.

गंमत म्हणजे ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्यांना आवडायचंच नाही. एका क्लायंटने काम करताना वापरलेले शब्द त्यांनी उचलले. मराठीत म्हणायचं तर ‘हाताळताना जे वाटतं ते’.

बाबांनी काकाची ‘खराब’ पाकिटं मागून आणली होती. आता चार उरलीत. एकीतल्या होडीला शीड आहे, दोघींना नुसतं वल्हं, आणि एक उलटी आहे, की मीच ती उलटी धरते कोण जाणे. तारीख एकीवरही नाही. त्यामुळे आधीची कुठली आणि नंतरची कुठली, कळायला काही मार्ग नाही.