लघुग्रहाचं शेडिंग: 'कड काळी, मध्य उजळ' हे सोडा

पिक्सेल आर्ट शिकणाऱ्यांत एक कृती फार फिरते: करडा गोळा काढा, कडेपासून मध्याकडे उजळवत न्या, सावलीत निळा मिसळा, वर काळे ठिपके द्या, झाला लघुग्रह, गेममध्ये तोच स्प्राइट (गेममध्ये हलणारं छोटं चित्र) फिरवा. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकते.

'मध्य उजळ, कड काळी.' हेच ते पिलो शेडिंग. सूर्य अगदी बघणाऱ्याच्या पाठीशी असला तरी खडकाळ पृष्ठभाग असा दिसत नाही. पौर्णिमेचा चंद्र बघा, कडेलाही तो काळवंडत नाही. आधी प्रकाशाची दिशा ठरवा, समजा वरून डावीकडून. 32×32 पिक्सेलच्या चित्रात चार छटा पुरतात. तीन-चार ओबडधोबड पैलू पाडून प्रत्येकाला एकच छटा द्या. उजेड-अंधाराच्या सीमेवर डिदरिंगचा (दोन छटांचे पिक्सेल आलटूनपालटून भरण्याचा) रुंद पट्टा दिलात, तर खडकाऐवजी वायूचा ग्रह वाटेल.

'काळा ठिपका म्हणजे विवर.' सगळ्यात जास्त घात इथेच होतो. विवर खोलगट असतं, म्हणून सूर्याकडची आतली भिंत सावलीत जाते आणि पलीकडची उजळते. सहा पिक्सेल रुंद विवरात वर-डावीकडे तीन-चार पिक्सेलची गडद कोर, खाली-उजवीकडे तेवढीच उजळ कोर, मध्ये मूळ छटा. हे उलटं झालं की खड्ड्याचं टेंगूळ होतं. सूर्यासमोरच्या भागात हा फरक एकाच छटेचा ठेवा. अंधाराच्या सीमेजवळ मात्र विवर सावलीने भरू द्या, फक्त लांबची कड उजळ ठेवा. शिवाय विवरं हवीतच असंही नाही. हायाबुसा यानाने 2005 मध्ये टिपलेल्या इतोकावा या लघुग्रहावर ठळक दिसतात ते दगडधोंडे.

'सावली निळसर.' पृथ्वीवर ती निळी दिसते आकाशाच्या उजेडामुळे. अवकाशात आकाशच उजळ नाही. जवळ ग्रह असेल तरच त्याच्या रंगाची एक पिक्सेल कड द्या. सावली पार्श्वभूमीपेक्षा किंचित उजळ ठेवा, नाहीतर आकार काळ्यात विरघळतो.

'तोच स्प्राइट फिरवा.' मग सूर्यही फिरतो! आकार आणि विवरांच्या जागा सपाट रंगात वेगळ्या लेयरवर ठेवा, 45 अंशांनी फिरवून आठ फ्रेम करा, तिरक्या फ्रेममधल्या तुटक कडा हाताने नीट करा आणि प्रत्येकीचं शेडिंग नव्याने करा. नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचा प्रत्येक पिक्सेल कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते सांगणारं चित्र) वापरत असाल, तर स्प्राइटसोबत त्यातल्या दिशाही फिरतात का ते तपासा. नसतील तर उजेड पुन्हा खडकाला चिकटून फिरेल.