खाते नसलेल्या माणसाच्या हाती चेक देताना

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीने अकरा वर्षे रात्रपाळी केलेल्या वॉचमनकाकांना निरोप दिला. शाल, श्रीफळ, तीन भाषणे आणि २१,००० रुपयांचा चेक. चेक स्वीकारतानाचा त्यांचा फोटो ग्रुपवर अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. चेक प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न घालता जपून ठेवलेला. म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत होता. हा वटवायचा कुठं?" त्यांचे कोणत्याही बँकेत खाते नव्हते. पगार एजन्सीकडून रोख मिळे आणि त्यातून जे उरे ते रोज पतसंस्थेच्या पिग्मी एजंटच्या हाती जाई.

बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. काउंटरवर असा माणूस आला, की तो आमच्यावर चिडे आणि आम्ही त्याला नियम सांगत असू. चेक लिहिणारा मात्र या भांडणात कुठेच नसे. माझे मत असे, की खाते नसलेल्याला पैसे मिळणार की नाही हे बँकेच्या खिडकीवर ठरतच नाही. चेक लिहिणाऱ्याच्या पेनाने ते आधीच ठरवून टाकलेले असते.

आपल्याकडच्या छापील चेकवर नावाच्या ओळीच्या शेवटी 'या धारक को' आणि 'ऑर बेअरर' असे शब्द असतात. ते तसेच ठेवले आणि कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या नाहीत, तर तो बेअरर चेक होतो. तो घेऊन येणाऱ्याला खात्यात शिल्लक आणि सही जुळत असल्यास रोख रक्कम मिळते, त्याचे स्वतःचे खाते असो वा नसो. मागच्या बाजूला त्याची सही घेतली जाते. रक्कम ५०,००० किंवा त्याहून अधिक असेल तर ओळखपत्र पाहिलेच जाते, आणि त्याहून कमी असली तरी ते मागणारे रोखपाल पुष्कळ आहेत. अडचण शाखेची येते. चेक देणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथेच जाणे शहाणपणाचे, कारण दुसऱ्या शाखेत त्रयस्थ माणसाला रोख देताना बँका एक तर नकार देतात किंवा रकमेवर मर्यादा घालतात.

त्या दोन रेघा ओढल्या, की मात्र चित्र बदलते. चेकविषयीच्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १२६ नुसार रेखांकित चेकचे पैसे बँकेने बँकेलाच द्यायचे असतात. म्हणजे ते कोणाच्या तरी खात्यातूनच यावे लागतात. त्या रेघांच्या मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिले, की ते खातेही ज्याचे नाव चेकवर आहे त्याचेच हवे. शेजाऱ्याच्या किंवा भाच्याच्या खात्यात भरून पैसे काढण्याची जुनी वाट इथे बंद होते. २००६ साली शेअरविक्रीतील बनावट अर्जांचे प्रकरण गाजले, तेव्हा परताव्याचे चेक भलत्यांच्याच खात्यांत जमा झाल्याचे उघड झाले आणि रिझर्व्ह बँकेने याबाबत सर्व बँकांना कडक तंबी दिली. तेव्हापासून आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना दयाबुद्धी दाखवायलाही जागा राहिली नाही, आणि ते योग्यच होते, असे मी आजही म्हणेन.

काकांच्या चेकवर अर्थातच 'अकाउंट पेयी' होते. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने पाचशे रुपये कापून चेक वटवून देण्याची तयारी दाखवली होती. त्या दोन शब्दांमुळे त्यालाही ते जमले नसते, एवढाच काय तो त्यांचा फायदा.

मग मला त्यांची पतसंस्था आठवली. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा अकाउंट पेयी चेक ५०,००० रुपयांपर्यंतचा असेल, तर पतसंस्थेचे खाते असलेली बँक तो संस्थेच्या खात्यात वसुलीसाठी घेऊ शकते, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. गावोगावी पतसंस्थांवर चालणाऱ्या महाराष्ट्रात ही तरतूद सोन्यासारखी आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या बँकेत फोन केला आणि तिथून "आम्ही असे चेक घेत नाही" असे उत्तर आले. वाद घालण्याइतका वेळ काकांकडे नव्हता, गावी जायची एसटी ठरलेली होती.

मी आमच्या खजिनदारांना विचारले, की बेअरर चेक का दिला नाही. त्यांचे उत्तर चुकीचे नव्हते: हिशेब तपासनीस विचारतो, शिवाय बेअरर चेक हरवला तर ज्याला सापडेल तो पैसे घेऊन जाईल. हे खरेच आहे. 'ऑर बेअरर' खोडून, पण रेघा न ओढता दिलेला ऑर्डर चेक हा मधला मार्ग आहे. त्यात ओळख पटवून त्याच माणसाला रोख देता येते, जरी अशा चेकपुढे काउंटरवरचे कर्मचारी अंमळ घुटमळतात. ते काही असो. माझी तक्रार रेघांबद्दल नव्हतीच. निरोपसमारंभाची तारीख महिनाभर आधी ठरली, शालीचा रंग ठरवायला दोन बैठका झाल्या, आणि त्या महिन्याभरात "काका, तुमचे खाते कुठे आहे?" हा प्रश्न एकालाही सुचला नाही. त्यात मीही आलो.

खाते उघडणे आज पूर्वीइतके अवघड नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेत शिल्लक ठेवण्याची अट नाही. ज्याच्याकडे एकही अधिकृत कागद नाही त्याचेही 'लहान खाते' फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर उघडते. मात्र त्यातून महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, म्हणजे काकांना स्वतःच्या २१,००० साठी तीन महिने थांबावे लागले असते. सुदैवाने त्यांच्याकडे आधार कार्ड होते. पण त्यावरचे नाव वेगळे निघाले. अकरा वर्षे आम्ही ज्या नावाने हाक मारत होतो, ते त्यांचे घरातले नाव होते आणि चेकवर तेच लिहिलेले! बँकेने खाते उघडले, चेक मात्र नाकारला. नवा चेक, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या, सचिव नाशिकला लग्नाला. चेकची मुदत २०१२ पासून तीन महिन्यांचीच आहे हे मी खजिनदारांना दोनदा ऐकवले, ते केवळ घाई करावी म्हणून.

पैसे हाती येईपर्यंत एकोणीस दिवस गेले. काकांनी एसटीचे तिकीट दोनदा बदलले आणि तेवढे दिवस ते नव्या वॉचमनच्या खोलीत त्याच्या शेजारी पथारी टाकून झोपले.

आता दिवाळीत जिना झाडणाऱ्या मावशींना ५,००० रुपये द्यायचे ठरले आहे, अर्थात चेकने. त्यांचे खाते आहे का आणि आधारवर नाव काय आहे, हे विचारून घ्यावे असे मी रविवारी ग्रुपवर लिहिले. तीन अंगठे आले, उत्तर एकही नाही. उद्या सकाळी त्या झाडायला आल्या, की मीच विचारणार आहे.