एडिट, ब्लँक

लोकांच्या वेबसाइट वापरण्याजोग्या करून देणं हा माझा व्यवसाय. प्रत्यक्षात काम एकच: चारचौघांत बसून, आवाज शक्य तितका मऊ ठेवून, 'साहेब, हे वाचता येत नाही हो' असं सांगायचं. साहेबांना मात्र येतं, कारण मजकूर त्यांनीच लिहिलेला असतो आणि त्यांना तो पाठ असतो.

परवाचीच मीटिंग घ्या. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. का, तर 'एलिगंट' दिसतात! मी सांगितलं, वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना वेबसाइट वापरता यावी यासाठीचे, डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून आहेत. आजच्या निकषाप्रमाणे साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ लागतो, तुमचा दोनसुद्धा भरत नाही. डिझायनर शांतपणे म्हणाला, "सर, ब्राइटनेस वाढवून बघा ना."

मग वरचा सरकता बॅनर. पाच सेकंदांहून जास्त काळ आपोआप काही हलत असेल तर ते थांबवायची सोय हवी, असा नियम आहे. इथे दुसरी ओळ वाचेपर्यंत चित्र पसार. तो बॅनर का आहे, हे कुणी कबूल करत नाही, पण मला माहीत आहे. कंपनीतल्या प्रत्येक विभागप्रमुखाला सगळ्यात वर जागा हवी होती आणि कुणालाच दुखवायचं नव्हतं. एवढं भांडण मिटलंय म्हटल्यावर वाचकाने थोडं सोसावं.

"ते असू दे, आधी गूगलमध्ये पहिला नंबर आणा," साहेब म्हणाले. कोड उघडला तर कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या, सर्च इंजिनांसाठीच्या ओळीत, शब्दांची ही लांबलचक माळ. क्रमवारी ठरवताना आपण तो टॅग बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. शिवाय पानाच्या तळाशी तेच शब्द पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत! डोळ्यांना न दिसणारं लिहायची इथली परंपरा जुनीच निघाली.

शेवटी मी स्क्रीन बंद केला आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू केला. अंध माणसं वापरतात, फुकट मिळतो. काळ्या पडद्याकडे बघत सगळे ऐकू लागले. "लिंक, ग्राफिक, बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर फायनल टू." मग, "इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा." कुठे, कशासाठी, पत्ता नाही. मग आला चौकशीचा फॉर्म: "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." म्हणजे लिहायची रिकामी चौकट, पण लेबल नाही. नाव कुठल्या चौकटीत आणि फोन कुठल्या, ते ज्याने त्याने अंतर्ज्ञानाने ओळखायचं.

"पण आमची सवलत? ती का नाही वाचली?"

"ती चित्रात आहे. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर, नाही."

"ठीक आहे हो. असे अंध लोक आपल्याकडे येतात तरी किती?"

येतील कसे, असं ओठांवर आलं होतं. बिल निघायचं होतं, म्हणून गिळलं. एवढंच म्हणालो, "गूगलचा बॉटसुद्धा, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, डोळ्यांनी बघत नाही, साहेब. मथळे, लिंकचे शब्द, ऑल्ट टेक्स्ट यांवरच त्याची बरीचशी भिस्त."

साहेब ताठ बसले. "त्याला त्रास होतो?" माणसांसाठी न हललेली खुर्ची त्या बिचाऱ्या बॉटसाठी हलली. ऑल्ट टेक्स्ट मंजूर, लेबलं मंजूर, लिंकना नावं मंजूर. राखाडी रंग तेवढा राहिला. त्याच्याशी बॉटला कर्तव्य नाही, हे डिझायनरने तत्परतेने लक्षात आणून दिलं.

माझा अहवाल साहेबांना इतका आवडला, की 'आमचं अ‍ॅक्सेसिबिलिटी धोरण' म्हणून तो थेट वेबसाइटवर चढला. प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून. एनव्हीडीएला त्यात एक अक्षर सापडेना. फोन केला तर साहेब खुशीत होते.

"बघितलंत ना? सही किती ठळक आलीय!"