शबाझची पोरं आणि आपल्या चौकातले फ्लेक्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की लेखात मी जिथून घाईघाईने पुढे सटकलो होतो, नेमकं तिथेच तुम्ही बोट ठेवलंय. त्यामुळे ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ म्हणून सुटका करून घेता येईना.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी : जमेल शबाझ हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले छायाचित्रकार, जन्म १९६०चा. १९८०च्या आगेमागे तिथल्या रस्त्यांवर आणि सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, त्यांनी काळ्या तरुण पोरापोरींचे शेकडो फोटो काढले. हिप-हॉप, म्हणजे रॅप आणि ब्रेकडान्सची ती संस्कृती, तेव्हा अजून गल्लीतलीच होती. हे फोटो २००१ साली ‘बॅक इन द डेज’ या पुस्तकात आले आणि आज ते संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. तुमचं म्हणणं असं, की हे फोटो ठरवून, उभं करून काढलेले आहेत, त्यांत रस्त्यावरचं खरं आयुष्य नाही. गॉगल लावून छाती काढणारी पोरं आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही असतात, तिथे मी नाक मुरडतो आणि ब्रुकलिनचं आलं की कला म्हणतो. आणि हा माणूस तुरुंगाच्या नोकरीत होता, हे मी एका वाक्यात गुंडाळलं.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी सरळ चुकलो. शबाझ सैन्यातून, जर्मनीतली नेमणूक संपवून, १९८०मध्ये घरी परतले आणि १९८३पासून सुमारे वीस वर्षं न्यूयॉर्कच्याच रायकर्स आयलंड या बेटावरच्या तुरुंगात अधिकारी होते. रायकर्समध्ये बहुतेक भरणा कच्च्या कैद्यांचा. खटला उभा राहायचाय, जामिनाचे पैसे नाहीत, म्हणून आत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर क्रॅक कोकेन हे स्वस्त अमली द्रव्य आलं आणि तुरुंग फुगत गेला. म्हणजे ज्या वयाच्या पोरांसमोर हा माणूस सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन उभा राहायचा, त्याच वयाच्या पोरांवर कामाच्या दिवशी पहारा करायचा. मी हे टाळलं कारण माझ्या गोड लेखात ते बसत नव्हतं.

पण हाच धागा धरला तर तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे मी वेगळ्या वाटेने येतो. फोटो तुरुंगही काढतो. समोरून एक, बाजूने एक. कसं उभं राहायचं हे तिथे पोराला सांगितलं जातं, हनुवटी किती वर हवी तेही. त्या काळात वर्तमानपत्रांत ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल किंवा ईस्ट फ्लॅटबुश वस्तीतल्या पोराचा चेहरा छापून आला, तर तो बऱ्याचदा असल्याच फोटोचा. शबाझ काय करायचे? आधी थांबवायचे, गप्पा मारायचे, आपल्या आधीच्या फोटोंचा अल्बम दाखवायचे, शाळेचं विचारायचे, आणि मग फोटो. त्या पोजमध्ये त्यांचाही हात होता, हे मान्य. पण पोराला कळत होतं की आपला फोटो निघतोय, आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत होतं. लपून टिपलेला क्षण तेवढा खरा आणि विचारून काढलेला खोटा, हा नियम कुणी केला? ज्याच्याकडे सतत संशयाने, न विचारता बघितलं जातं, त्याला न कळत टिपून आपण कुठलं सत्य हाती घेणार?

आता फ्लेक्स. हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि दोन दिवस मी त्यातच अडकलो होतो. आमच्या कोपऱ्यावर आत्ताही एक लागलाय. मधोमध मुलगा, गॉगल, मागे डरकाळी फोडणारा वाघ. पण वर बघा : साहेबांच्या आणि त्यांच्या साहेबांच्या मुंडक्यांची रांग. खाली शुभेच्छुकांची यादी. तो मुलगा कुणाचा आहे हे आधी कळतं, तो कोण आहे हे नंतर, कधीकधी कळतच नाही. आणि फ्लेक्स खांबावर उंच टांगलेला, म्हणजे आपण मान वर करूनच बघायचं. शबाझच्या चौकटीत वर कुणी नाही. कितीतरी फोटोंत पोरं उकिडवी बसलेली आहेत आणि कॅमेराही त्यांच्याबरोबर खाली आलाय.

कपड्यांबद्दल तुम्ही ‘भपका’ म्हणालात. पायांकडे बघा. प्यूमाचे सुएडचे बूट, त्यांत रुंद, सपाट नाड्या. नाडी ओढून, ताणून, खळ घालून, इस्त्री फिरवून घरी तशी करायची. ली जीन्सला कडक इस्त्रीची घडी. डोक्यावर कांगोलची टोपी. पांढऱ्या बुटाला डाग पडू नये म्हणून ही पोरं काय काय करत! मोठ्या कंपन्यांचं लक्ष इकडे वळायला अजून अवकाश होता; रन-डीएमसी या रॅप गटाने आपल्या अॅडिडास बुटांवर गाणं केलं आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला, ते १९८६ साल. त्याआधीचा हा थाट निगुतीचा आहे. आईची इस्त्री मागून घेऊन केलेला.

मर्दानगीबद्दलही एक गोष्ट आपण मराठी वाचक सहज नजरेआड करतो, कारण आपल्याला ती रोजची आहे. या फोटोंत मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, अगदी खेटून उभे आहेत. आपल्याकडे एसटी स्टँडवरही दोन मित्र गळ्यात हात घालून उभे असतात, कुणी वळून बघत नाही. ज्या समाजात काळा पुरुष म्हटला की आधी भीती आठवते, तिथे हा हात खांद्यावर असणं आणि तो चौकटीत ठेवावासा वाटणं, याची किंमत वेगळी आहे. मला हे फोटो आवडण्याचं कारण गॉगलपेक्षा हा हात आहे. लेखात मात्र मी गॉगलवरच तीन परिच्छेद खर्ची घातले.

(मुलींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याही आहेत, आणि मी त्यांना जवळजवळ वगळलं. त्यावर वेगळं लिहीन.)

एक मात्र मान्य करत नाही. ‘तो काळ सोन्याचा होता असं भासवता’ हे तुमचं वाक्य मला लागू पडतं, फोटोंना नाही. १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या कडेला होतं, आणि त्याचे ओरखडे या फोटोंच्या पार्श्वभूमीलाच आहेत. एका फोटोत एक मुलगा हवेत कोलांटी मारतोय. खाली पडायला रस्त्यावर टाकून दिलेल्या जुन्या गाद्या. त्या गाद्या शबाझ यांनी चौकटीतून काढल्या नाहीत. माझ्या लेखातून त्या गेल्या.

म्हणून मूळ लेखात आज दोन बदल केलेत. रायकर्सच्या त्या एका वाक्याचा परिच्छेद केलाय. आणि पहिल्याच ओळीत या पोरांना मी ‘बेफिकीर’ म्हटलं होतं. नाडीला इस्त्री करणारा पोरगा बेफिकीर कसा असेल? तो शब्द काढला. त्या जागी काय घालावं ते अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.