पातळी चार, मुक्काम पोस्ट टॉवर

विमानात बसलेल्या माणसाला वैमानिकाची काळजी असते, हवामानाची असते, डोक्यावरच्या बॅगेचीही असते. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना रेडिओवर सूचना देणाऱ्या माझ्या इंग्रजीची काळजी फक्त आयकाओला, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला. तिने माणसाच्या इंग्रजीच्या सहा पातळ्या पाडल्यात. चारच्या खाली असाल तर आंतरराष्ट्रीय विमानांशी बोलायचं नाही. चार मिळाली तर तीन वर्षांनी परत परीक्षेला या, पाच मिळाली तर सहा वर्षांनी. सहा मिळाली की आयुष्यभर सुटका. मोक्षाची इतकी रोखठोक व्याख्या आमच्या कीर्तनकारांनाही जमलेली नाही.

मी चारवाला.

अडचण अशी की कामावर आम्ही इंग्रजी बोलतच नाही. आम्ही बोलतो फ्रेझिऑलॉजी. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, व्याकरणाला रजा. होकाराला 'अफर्म', नकाराला 'निगेटिव्ह'. आकड्यांचे उच्चारही नियमाने बांधलेले: थ्रीचा 'ट्री', फाइव्हचा 'फाइफ', नाइनचा 'नाइनर', कारण रेडिओच्या खरखरीत एका आकड्याचा दुसरा व्हायला वेळ लागत नाही. शाळेत 'ट्री' म्हटलं असतं तर बाईंनी बाकावर उभं केलं असतं. घरीही ही भाषा सुटत नाही. बायकोने दूध आणायला सांगितलं की मी 'रॉजर' म्हणतो. रॉजर म्हणजे निरोप पोचला, एवढंच. काम करीन म्हणायचं तर 'विल्को'. हा फरक तिला हल्ली कळलाय.

परीक्षा मात्र फ्रेझिऑलॉजी संपते तिथून सुरू होते. इंजिनात पक्षी गेला, प्रवाशाला कळा सुरू झाल्या, धावपट्टीवर कुत्रा आला, की तयार वाक्य हाताशी नसतं. साध्या इंग्रजीत सांगावं-विचारावं लागतं. तयारीसाठी माझी पाचवीतली मुलगी परीक्षक झाली. तिने एक चित्र पुढे ठेवलं.

"बाबा, डिस्क्राइब द पिक्चर."

"वन एअरक्राफ्ट, ऑन ग्रास, लेफ्ट ऑफ रनवे."

"'देअर इज' म्हण ना!"

"फायर टेंडर अप्रोचिंग फ्रॉम साउथ."

"चित्रात साउथ कुठंय?"

तिला शाळेत पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवतात. मला पगार मिळतो तो वाक्य अर्ध्यावर आणण्याचा.

तरी ही परीक्षा हवीच, यावर टॉवरमध्ये कुणी वाद घालत नाही. १९९० साली न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून पडलं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' हा शब्द काढलाच नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक कर्मचाऱ्यांचं तोकडं इंग्रजी चौकशीत निघालंच. पुढे २००३ मध्ये नियम ठरला आणि मार्च २००८ पासून लागू झाला. ज्या देशांची तयारी नव्हती त्यांना २०११ पर्यंत सवलत मिळाली. अख्खे देश परीक्षेची तारीख पुढे ढकलून घेतात, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

तपासतात सहा गोष्टी: उच्चार, व्याकरण, शब्दसंपदा, ओघ, आकलन, संवाद. उच्चारात मातृभाषेची छटा चालते, समजण्याच्या आड आली नाही म्हणजे झालं. हा उदारपणा पुढे कुठे दिसत नाही. सहांपैकी सगळ्यात कमी पातळी जी, तीच तुमची पातळी. सरासरी नाही. गणितातली पडझड मराठीच्या मार्कांनी भरून काढत दहावी झालेल्या माणसाने यावर काय बोलावं?

खऱ्या परीक्षेत परीक्षकाने विचारलं, गेल्या रविवारी काय केलंत? नाइट करून आलेल्याला रविवार आला होता हेच आठवून काढावं लागतं. मी सांगू लागलो. एक वाक्य झालं की थांबायचो, कारण समोरच्याने तेच परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही हाडात मुरलेली शिस्त. रीडबॅक येईना. परीक्षक माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दोघेही सभ्य, त्यामुळे शांतता बरीच लांबली.

पाच गोष्टींत पाच, ओघात चार. म्हणजे चार.

आमच्या शिफ्टमधल्या नागपूरकराला सगळीकडे पाच. कँटीनमध्ये तो बोलू लागला की चहा निवतो, दुसऱ्याला हूं म्हणायला फट सापडत नाही. "इतकं काय रे बोललास तिथे?" मी विचारलं.

"काही नाही बे, परीक्षकाला थांबवताच आलं नाही."